स्क्रूला हात लावण्याआधी : पेट्रोलवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं इंजिन आणि त्याचा पंखा

अमळनेरबाहेर बोरीच्या पलीकडे एक पडीक माळ आहे. रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिथे विमान उतरवतो. म्हणजे गाडीच्या टपावरून. आभाळातून उतरवणं नंतरचं. सव्वादोन मीटरचे पंख, सहा किलो वजन आणि नाकावर ३० सीसीचं पेट्रोल इंजिन. घेतलं भाच्याने, नाद लागला मला. बांधावरून जाणारा कुणीतरी हमखास थांबतो. "हाई काय शे भो?" विमान आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कितलाले लिधं?" (केवढ्याला घेतलं?) त्याचं उत्तर मी देत नाही, कारण ते घरीही दिलेलं नाही. अर्धा तास झाला आणि विमान अजून जमिनीवरच असलं की तिसरा प्रश्न येतो, आणि तो खरा अडचणीचा असतो. हे चालू का होत नाही?

हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. इंजिन चालू कसं करायचं, ते नीट चालावं म्हणून त्याचे स्क्रू कसे लावायचे आणि त्याला कोणता पंखा चढवायचा. पंख्याला मॉडेलवाले प्रॉपेलर किंवा नुसतं प्रॉप म्हणतात, मीही तेच म्हणतो, नाहीतर पंख आणि पंखा यांचा घोळ होतो.

आधी भीती घालवू. हे इंजिन परकं नाही. कपाशीवर फवारणी करायचा पाठीवरचा पेट्रोल पंप आणि बांधावरचं गवत कापायचं ग्रास कटर ही त्याची सख्खी भावंडं. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारं. यामाहाची आरएक्स १०० आठवत असेल तर हिशेबही सोपा आहे: ९८ सीसीत साधारण ११ हॉर्सपॉवर. मॉडेलचं ३० सीसी इंजिन तीन-साडेतीन हॉर्सपॉवर देतं, म्हणजे सीसीमागे जवळपास तेवढीच ताकद. फरक दोन ठिकाणी आहे. एक हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर, दुसरा ते पेटवणारा स्पार्क.

मोटरसायकलच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये तळाला वाटी असते, वाटीत फ्लोट तरंगतो, पेट्रोल पुरेसं झालं की फ्लोट वर येऊन रस्ता बंद करतो. विमान उलटं झालं तर ही वाटी सांडेल. म्हणून इथे वाटीच नाही. तिच्या जागी रबरासारख्या पातळ पडद्यांची जोडी. एक पडदा क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतल्या, दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा एका बारक्या तरफेला दाबून हवं तेवढंच पेट्रोल आत सोडतो. याला डायफ्रॅम कार्बोरेटर म्हणतात, त्यात वालब्रो जातीचे जास्त दिसतात. ग्रास कटर उघडणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीने तो पाहिलेला असतो. आमच्या पहिल्या कार्बोरेटरचं किट कृषी अवजारांच्या दुकानातच मिळालं.

स्पार्कसाठी बॅटरीवर चालणारी सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी. प्रॉपच्या मागच्या हबमध्ये एक लोहचुंबक बसवलेलं असतं. ते सेन्सरसमोरून गेलं की ठिणगी पडते. किकचा जोर लागत नाही, हलक्या हाताने फिरवलं तरी पडते. सोय मोठी आहे आणि धोकाही तिथेच आहे. माझ्या उजव्या मधल्या बोटावर चार टाक्यांची खूण आहे. स्विच ऑन राहिला होता आणि मी "नुसता दाब बघतो" म्हणून प्रॉप हळूच फिरवला. इंजिनाने उलटा झटका दिला. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: प्रॉपला हात लावायचा तर स्विच कुणाच्या नजरेसमोर बंद हवा, आणि फिरवायचा तर वेल्डिंगचा चामडी हातमोजा घालून, नाहीतर जुन्या सायकल ट्यूबचे वेढे दिलेल्या दांड्याने.

पेट्रोल आणि ऑईल

टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑईल ३२:१ ते ५०:१ या प्रमाणात पडतं, नेमकं किती ते इंजिनासोबतच्या कागदावर असतं. ४०:१ म्हणजे लिटरला २५ मिली. नव्या इंजिनाला सुरुवातीला थोडं जास्त, ३२:१, म्हणजे लिटरला ३१ मिली. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी हा दर्जा लिहिलेला बघा. फोर-स्ट्रोक गाडीचं ऑईल चालत नाही. ते जळायला बनवलेलंच नसतं.

खरा मुद्दा पेट्रोलचा आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत देशात ई-२० ची विक्री सुरू झाली आणि आता पंपावर मिळतं ते बहुतेक तेच, २० टक्के इथेनॉल घातलेलं. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या किलोला फक्त ९. दोन्ही मिसळले की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन पाहिजे. कार्बोरेटरवरचे पेट्रोल कमी-जास्त करणारे स्क्रू जुन्या पेट्रोलवर लावले होते तसेच ठेवले तर इंजिन उपाशी चालतं. गॅरेजच्या भाषेत लीन होतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे ऑईलही कमी, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरला चिकटायची वेळ.

तुमच्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घराबाहेर, चुलीपासून लांब, बघता येतं. काचेच्या उभ्या मापात १० मिली पाणी घ्या, त्यावर १०० मिली पेट्रोल ओता, झाकून हलवा आणि पाच मिनिटं ठेवा. इथेनॉलची ओढ पेट्रोलपेक्षा पाण्याकडे जास्त, ते खाली पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरून ३० च्या आसपास गेला तर २० टक्के. भाच्याने हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा केलं, आधी विश्वासच बसला नाही. ते १०० मिली परत डब्यात ओतायचं नाही, हे सांगायला नको, पण सांगतो.

इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. म्हणून पावसाळ्यात मिश्रण लिटरभरच बनवा आणि पंधरा दिवसांत संपवा. उरलं तर स्कूटरमध्ये नाही, जुन्या फवारणी पंपात घाला. नळ्यांचंही बघा: टाकीतली पारदर्शक सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडते. पेट्रोलसाठी पिवळट टायगॉन नळी आणि पेट्रोल चालणारं बूचच लागतं. दुकानदार दोन्ही एकाच खोक्यातून काढून देतो, विचारून घ्या.

चालू करणं

विमानाची शेपूट खुंट्याला बांधा. आम्ही बैलाचा जुना खुंटा ठोकतो आणि दोरी शेपटीच्या आडव्या पंखापुढून, धडाला वेढा देऊन घेतो. तीन हॉर्सपॉवरला एका माणसाचे हात पुरत नाहीत, घसरत्या मातीवर तर नाहीच. पोरं जमली असतील तर त्यांना विमानाच्या मागे बसवा. प्रॉपच्या रेषेत, म्हणजे दोन्ही बाजूंना, कुणीही उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर ते त्याच रेषेत सुटतं.

आता क्रम. स्विच बंद, चोकची झडप बंद (म्हणजे हवेची वाट अडवलेली), थ्रॉटल, म्हणजे रेस, पूर्ण उघडं. प्रॉप फिरवत राहा आणि नळीकडे बघा. पेट्रोल टाकीतून सरकत कार्बोरेटरपर्यंत पोहोचताना दिसतं. पोहोचलं की आणखी दोन-तीन झटके. मग थ्रॉटल खाली, आयडलिंगपेक्षा (रेस न देता इंजिन चालतं त्यापेक्षा) जरा वर. स्विच ऑन. आता झटके जोरात, एका दमात, हात लगेच बाहेर. समोरून पाहताना प्रॉप घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणजे डावीकडचं पातं खाली येतं. प्रॉप असा बसवा की ते पातं घड्याळात दहाच्या जागी आलं की दाब लागेल. मग झटका आपसूक खाली जातो आणि हात अंगाकडे सुटतो. दाब सहाच्या जागी लागत असेल तर तुम्ही वाकून, हात पात्यांमध्ये घालून फिरवणार, आणि मग टाके.

चार ते आठ झटक्यांत एक आवाज येतो. फट्. इंजिन एकदाच खोकतं आणि गप्प होतं. सगळी गंमत या फट् मध्ये आहे. नवा माणूस खूश होऊन चोक तसाच ठेवतो आणि आणखी दहा झटके मारतो. तोवर प्लग ओला, इंजिन ओव्हर. फट् म्हणजे इंजिनाचा निरोप आहे की पेट्रोल पुरेसं झालं, स्पार्क येतोय, आता चोक उघडा. उघडायचा. मग दोन ते सहा झटक्यांत चालू होतं. अर्धा मिनिट तसंच तापू द्या, लगेच रेस करू नका. गरम इंजिनाला पुढच्या वेळी चोक लागत नाही.

ओव्हर झालंच तर स्विच बंद, प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, दहा-बारा वेळा फिरवून आतलं पेट्रोल बाहेर टाका, प्लग पुसा. प्लगमधला गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर. स्पार्क येतोय का बघायचं असेल तर प्लग टोपीत घट्ट आणि त्याचं लोखंड इंजिनाला टेकलेलं असेल तरच स्विच ऑन करा, आणि तेही आतलं पेट्रोल वाळल्यावर. टोपी मोकळी असताना ठिणगीला जायला वाट मिळत नाही आणि ती सीडीआयच्याच पोटात फुटते. नवी सीडीआय इंजिनाच्या किमतीत चांगला खड्डा पाडते.

दोन रविवार आणि एक तंतू

मागच्या वर्षी हिवाळ्यात आमचं इंजिन चालू व्हायचं, आयडलिंग सुंदर, निम्म्या थ्रॉटलपर्यंत ठीक. पूर्ण उघडलं की वीस-पंचवीस सेकंद चढायचं आणि मग आवाज बारीक होत होत बंद. लक्षण स्पष्ट होतं, वरच्या वेगाला पेट्रोल कमी पडतंय. मी वरच्या वेगाचा स्क्रू अर्धा फेरा उघडला. काही नाही. आणखी अर्धा. काही नाही. मग खालचा. दुसऱ्या रविवारी आयडलिंगही गेलं आणि मूळ जागा कुठे होती ते दोघांनाही आठवेना.

शेवटी भाच्याने कार्बोरेटरचं एका स्क्रूवरचं झाकण उघडलं. पेट्रोल आत येतं तिथे करंगळीच्या नखापेक्षा लहान एक गोल जाळी असते. तिच्यावर पांढरट बुरशीसारखं काहीतरी बसलं होतं. त्याने चिमट्याने उचललं. कापसाचा तंतू. माझ्या घरात तेव्हा वेचणीचा कापूस पडला होता आणि डब्याचं नरसाळं मी तिथल्याच फडक्याने पुसत होतो. जाळी धुतली, झाकण लावलं, स्क्रू कागदावरच्या आकड्यांवर परत नेले. इंजिन पूर्ण थ्रॉटलला टाकी संपेपर्यंत चाललं.

तेव्हापासून माझं म्हणणं एवढंच असतं. स्क्रू हा औषध नाही, बारीक सुधारणा आहे. काल नीट चालणारं इंजिन आज बिघडलं तर स्क्रू आपोआप फिरलेला नसतो. आधी पेट्रोलची वाट बघा: टाकीतल्या वजनी टोकाची नळी कुठे मुडपली आहे का, हवा घेणारी नळी मातीने बुजली आहे का, फिल्टर, मग ती जाळी. मग स्पार्क: बॅटरीचा दाब, प्लग, सेन्सरची वायर. मग हवा: कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यातला गॅस्केट, बोल्ट सैल होऊन चोरटी हवा येते का. हे सगळं ठीक असेल तर, आणि तरच, स्क्रूड्रायव्हर.

स्क्रू लावणं

स्क्रू दोन. एलचा खालच्या वेगाचा, तो बहुतेक इंजिनाच्या बाजूला असतो. एचचा वरच्या वेगाचा. तिसरा स्क्रू आयडलिंगचा, तो फक्त फुलपाखरासारख्या झडपेला टेकू देतो, मिश्रणाशी त्याचा संबंध नाही.

इथे गॅरेजवाल्या मंडळींसाठी एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर बरेचदा एअर स्क्रू असायचा. तो आत फिरवला की हवा कमी, म्हणजे पेट्रोल जास्त. इथले दोन्ही स्क्रू पेट्रोलचे आहेत. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. हात जुन्या सवयीने उलटाच जातो. आम्ही कार्बोरेटरजवळ रंगाने बाण काढून "बाहेर = जास्त" लिहून ठेवलंय.

सुरुवातीची जागा: दोन्ही हलक्या हाताने पूर्ण आत, टोक टेकेपर्यंत (आवळायचं नाही, टोक चेपतं), मग दोन्ही साधारण दीड फेरा बाहेर. पुढचं मोजायला घड्याळ वापरा. स्क्रूची खाच हा तासकाटा समजा. एक तास सरकवला म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग. एका वेळी एक तास, फार तर दीड. आणि वही. वहीशिवाय ट्यूनिंग म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

इंजिन चांगलं तापल्यावर आधी वरचा स्क्रू कामापुरता लावून घ्या, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला ते बंद पडत नाही एवढंच. मग खालचा. एक मिनिट आयडलिंगवर, मिनिटाला १,८०० फेऱ्यांच्या आसपास, चालू द्या आणि थ्रॉटल झटकन पूर्ण उघडा. इंजिन भप्पकन गिळून मेलं तर पेट्रोल कमी, खालचा स्क्रू तासभर उघडा. बळबळ बळबळ करत, धूर सोडत, मग सावकाश उचललं तर पेट्रोल जास्त, बंद करा. निम्म्या थ्रॉटलला एकाआड एक ठोका चुकवल्यासारखा आवाज येतो, तोही बहुतेक खालचाच स्क्रू जास्त उघडा असल्याचा. पहिला मिनिटभर छान आणि मग लडबडतं, याचंही कारण तेच, आत पेट्रोल साचत जातं. म्हणून तो मिनिट सोडायचा नाही. लोक दोन सेकंद आयडलिंग ठेवून थ्रॉटल उघडतात, बरोबर वाटतं, आणि विमान उतरायला येताना मिनिटभर आयडलिंगवर राहिलं की ऐन धावपट्टीच्या तोंडाशी फसतात.

खालचा बसला की पुन्हा वरचा. पूर्ण थ्रॉटल, तुम्ही विमानाच्या मागे, टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) प्रॉपकडे रोखलेला. स्क्रू थोडा थोडा आत घ्या. फेऱ्या वाढत जातात, एका ठिकाणी थांबतात आणि त्याच्या पुढे घसरायला लागतात. थांबलेल्या जागेपासून उलट या, फेऱ्या १०० ते २०० ने कमी होईपर्यंत. ती तुमची जागा. शिखरावर बसायचा मोह होतो, आवाजही तिथे टणक आणि गोड लागतो, पण हवेत गेल्यावर प्रॉपवरचा भार हलका होतो, इंजिन आणखी चढतं आणि पेट्रोल कमी पडतं. शेवटची परीक्षा म्हणजे पूर्ण थ्रॉटलला दोघांनी विमान उचलून नाक आभाळाकडे करायचं, पंधरा सेकंद. आवाज ढळला तर वरचा स्क्रू अजून अर्धा तास उघडा.

हे झाल्यावर आठ-दहा उड्डाणांनी प्लग बघा. दुधाळ चहाचा रंग असेल तर बरोबर. काळा आणि ओला म्हणजे जास्त, पांढरट म्हणजे कमी, आणि पांढऱ्याची घाई जास्त करा.

ज्याला नाकावर झाकण, म्हणजे काउल असतं, त्याने एक गोष्ट जास्त बघायची. कार्बोरेटरच्या झाकणात एक बारीक भोक असतं, पडद्याला बाहेरच्या हवेचा दाब कळण्यासाठी. उडताना काउलमध्ये हवा दाटली की तो पडदा फसतो आणि जमिनीवर लावलेलं ट्यूनिंग हवेत बदलतं. भोकावर पितळी नळी बसवून दुसरं टोक विमानाच्या पोटात सोडलं की प्रश्न मिटतो. तसंच, काउलमध्ये हवा यायला जेवढी जागा तिच्या दुप्पट-तिप्पट बाहेर पडायला हवी. धाब्याच्या घरात एकच खिडकी उघडून वारा येत नाही, समोरची उघडावी लागते, तसंच.

प्रॉप म्हणजे गिअर

प्रॉपवर दोन आकडे असतात, इंचांत. १८×८ म्हणजे टोकापासून टोकापर्यंत १८ इंच आणि एका फेऱ्यात, लोण्यात स्क्रू जावा तसा घसरला नाही तर, ८ इंच पुढे जाणारा. दुसऱ्या आकड्याला पिच म्हणतात. सायकलच्या भाषेत कमी पिच म्हणजे चढाचा गिअर, जास्त पिच म्हणजे उताराचा. मोठा व्यास आणि कमी पिच विमानाला जोरात ओढतो पण वेगाने पळवत नाही. उभं चढायचं, हळू उडायचं, छोट्या जागेत उतरायचं तर तो. जास्त पिच सपाट उडताना पळतो, पण उड्डाणाला लांब धावतो आणि उतरताना थांबत नाही.

हिशेब करून बघू. आमच्या १८×८ वर टॅकोमीटर ७,५०० दाखवतो. ८ इंच म्हणजे ०.२०३ मीटर. गुणिले ७,५००, गुणिले ६०, तर ताशी सुमारे ९१ किलोमीटर. ही प्रॉपची कागदावरची चाल. विमान पडायला लागतं तो वेग ताशी ३५ धरला तर ही त्याच्या अडीचपट आहे, आणि अडीच ते तीनपट हे साध्या विमानाला मानवतं. आता टोकाचा वेग. १८ इंचाचा घेर १.४४ मीटर, सेकंदाला १२५ फेरे, म्हणजे सेकंदाला १८० मीटर. ताशी ६४६ किलोमीटर, नाकापासून हातभर अंतरावर. बोटाची गोष्ट पुन्हा सांगत नाही. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. टोक २०० च्या वर गेलं की इंजिनापेक्षा प्रॉपच जास्त ओरडतो आणि बांधापलीकडच्या शेतातून निरोप येतो.

भार कसा वाढतो हे कळलं की निवड सोपी होते. पिच वाढवली तर भार तेवढ्याच पटीत वाढतो, ८ ची १० केली तर २५ टक्के. व्यास मात्र चौथ्या घातात वाढतो. १८ चा १९ केला, एकच इंच, तर २४ टक्के. म्हणून व्यासाचा एक इंच म्हणजे पिचचे दोन इंच, हा अडाणी हिशेब लक्षात ठेवा. १८×१० इंजिनाला मानवत असेल आणि १९ हवाच असेल तर १९×८ घ्या, १९×१० नाही.

२० सीसीला १६×८ किंवा १७×६, ३० ला १८×८, १८×१० किंवा १९×८, ५० ते ५५ ला २२×८ किंवा २३×८, इथून सुरुवात करतात. प्रॉप लहान पडला तर इंजिन सुसाट फिरतं, जमिनीवर मजा येते, हवेत गेल्यावर बेअरिंग आणि रिंग त्याची किंमत देतात. मोठा पडला तर चढावर टॉप गिअरमध्ये गाडी ओढावी तसं कुथतं आणि तापतं. प्रॉप बदलला की स्क्रू पुन्हा तपासायचे, आणि एकाच दिवशी प्रॉप, प्लग आणि ऑईल असं तिन्ही बदलायचं नाही. बदललं तर सुधारणा कशाने झाली ते देवालाही सांगता येणार नाही.

आमच्याकडे आणखी एक माप लागतं, जमिनीपासूनचं अंतर. कपाशी काढल्यावर पऱ्हाटीचे खुंट राहतात, आणि काळ्या मातीला मार्चनंतर भेगा पडतात. चाक भेगेत गेलं की नाक खाली. सपाट जागी टोक जमिनीपासून किमान दोन इंच वर राहील असाच व्यास घ्या. १९ चा मोह आम्ही त्यामुळेच सोडला.

लाकडी प्रॉप की कार्बन? शिकताना लाकडी. स्वस्त आहे, आणि खुंट लागला तर तो तुटतो, इंजिनाचा दांडा वाचतो. कार्बन तुटत नाही तेव्हा दुसरं काहीतरी वाकतं. नवा प्रॉप आधी तोलून बघा. मधल्या भोकात गुळगुळीत सळई, सळईची टोकं दोन काचांच्या कडांवर. एक पातं खाली जात असेल तर त्याची पुढची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा वॉर्निश. चीर गेलेला प्रॉप फेव्हिकॉल लावून कधीही वापरायचा नाही. तो घरी भिंतीवर शोभतो.

बोल्टांचं खानदेशातलं गणित वेगळं आहे. लाकूड सप्टेंबरच्या दमट हवेत फुगतं आणि एप्रिलच्या ४५ अंशांत आकसतं. पावसाळ्यात आवळलेले बोल्ट उन्हाळ्यात सैल होतात, कुणी हात न लावता. नव्या प्रॉपचे पहिल्या दौडीनंतर लगेच आणि मग दर रविवारी आवळून बघा.

ऊन आणि हवा

जळगाव-भुसावळकडचं ऊन काय असतं ते वाचणाऱ्याला सांगायला नको. जानेवारीच्या १० अंशांच्या सकाळपेक्षा मेच्या ४५ अंशांत हवा सुमारे ११ टक्के विरळ असते. इंजिनाला हवा कमी, पंखांना आधार कमी, प्रॉपला पकड कमी, तिन्ही एकदम. हवा कमी म्हणजे हिवाळ्यातलं मिश्रण उन्हाळ्यात थोडं जास्त होतं, आणि पुस्तकी उत्तर असं की स्क्रू किंचित आत घ्या. मी वरचा स्क्रू एप्रिलमध्ये फार तर एक तास आत घेतो आणि तिथेच थांबतो, कारण जास्तीचं पेट्रोल इंजिनाला थंडही ठेवतं. ताकद जरा कमी मिळाली तर चालेल. धावपट्टी मात्र तेव्हा लांब धरा. टाकी आणि डबा सावलीत ठेवा, तापल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन फुगे धरतात आणि इंजिन उगाच खोकतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे साडेनऊला घरी जाणं.

परवानगीचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. तिथे १२० मीटर उंचीपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या दरम्यान असाल तर ६० मीटर. जळगावच्या आसपासच्या मंडळींनी हे आधी बघावं, प्रॉप नंतर.

जूनमध्ये पहिला मृगाचा पाऊस झाला की आमचा माळ चिखल होतो आणि विमान माळ्यावर जातं. त्याआधी टाकी रिकामी करायची, इंजिन चालू करून कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपवायचं, नाहीतर इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये भिजून पडदे ताठ होतात. प्लगच्या भोकातून चार थेंब टूटी ऑईल, दोनदा फिरवायचं. नळ्या काढून लटकवायच्या. प्रॉप काढून ठेवलेला बरा. इंजिनावरच ठेवायचा असेल तर आडवा ठेवा. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि पोळ्याला काढाल तेव्हा त्याचा तोल गेलेला असतो.